छोटं कुत्रं पाळायचं तर नाशिकमध्ये खर्च किती येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पग, पॉमेरेनियन, शिह त्झू, ल्हासा, डॅशहाउंड, चिहुआहुआ. फ्लॅटमध्ये मावेल असं कुत्रं हवं असलेली घरं नाशिकमध्ये भरपूर आहेत आणि त्यांचे प्रश्नही बरेचसे सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आकडे शहरातल्या खासगी दवाखान्यांत, दुकानांत आणि ग्रुमिंगवाल्यांकडे (केस-नखांची निगा करणाऱ्यांकडे) साधारणपणे ऐकायला मिळणारे आहेत. भाग बदलला की थोडे वर-खाली होतात, म्हणून अंदाजासाठी धरा.

महिन्याला किती रुपये बाजूला काढावे लागतील?

इंडियन स्पिट्झसारखं पाच-सहा किलोचं, बरंचसं घरचं खाणारं कुत्रं असेल तर अडीच ते तीन हजार. पगला साडेतीन ते साडेचार हजार. शिह त्झू किंवा ल्हासाला साडेचार ते साडेपाच हजार, कारण त्यांचे केस. यात खाणं, जंताचं औषध, गोचिडांची गोळी, ग्रुमिंग आणि वर्षभराच्या लशींचा महिन्याचा वाटा आला. आजारपण यात नाही. त्यासाठी महिन्याला वेगळे हजार रुपये टाकत जा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पोस्टात हजाराची आरडी केली तरी चालेल.

छोट्या जाती साधारण १२ ते १५ वर्षं जगतात. महिना तीन हजार धरले तरी चौदा वर्षांचे पाच लाखांच्या वर जातात. आठ हजारांचं पिल्लू घ्यायचं की पंचवीस हजारांचं, यावर घरात आठवडाभर चर्चा चालते. त्यातली थोडी तरी या पुढच्या पाच लाखांवर व्हायला हवी.

पिल्लू कितीला मिळतं?

इंडियन स्पिट्झ पाच ते बारा हजारांत. डॅशहाउंड आठ ते अठरा, पग दहा ते पंचवीस, ल्हासा बारा ते पंचवीस, शिह त्झू वीस ते पंचेचाळीस हजार. टॉय पॉम (अगदी छोटं पॉमेरेनियन) आणि चिहुआहुआ यांचे भाव तीस हजारांच्या पुढे कुठेही जातात.

‘पॉम’ म्हणून जी पांढरी पिल्लं दाखवली जातात, ती बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झची असतात. स्पिट्झ हे आपल्या हवेत मुरलेलं, काटक आणि हुशार कुत्रं आहे. ते घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त पैसे स्पिट्झचेच द्या. ‘टीकप’ नावाने विकल्या जाणाऱ्या पिल्लांपासून मात्र लांब राहा. अशी मान्यताप्राप्त जात नाही. मुद्दाम निवडलेल्या, लहान राहिलेल्या आई-बापांची, किंवा वयाने कमी असलेली किंवा उपाशी ठेवलेली पिल्लं त्या नावाने खपवली जातात आणि त्यांचं पहिलं वर्ष दवाखान्यात जातं.

केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर घेतलेच पाहिजेत का?

शोमध्ये उतरवायचं नसेल तर घरातल्या कुत्र्याला त्यांची गरज नाही. पण पेपर आहेत म्हणून जास्त पैसे घेतले जात असतील, तर केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावरचा मायक्रोचिप नंबर पिल्लाच्या अंगातल्या चिपशी जुळतो का, ते डॉक्टरांकडे स्कॅनरने तपासून घ्या. ‘पेपर नंतर पाठवतो’ या बोलीवर एक रुपयाही जास्त देऊ नका.

पेपरपेक्षा मी पिल्लाच्या आईला बघण्याचा आग्रह धरते. ती कुठे राहते, तिच्या अंगावर मांस आहे का, माणूस जवळ गेल्यावर ती दबकते का, हे बघितलं की पुष्कळ कळतं. आईला दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तिथून निघा.

एक महिन्याचं पिल्लू स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

नाही. श्वान प्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्यामागे कारण आहे. एवढ्या लहान जातीच्या पिल्लाच्या अंगात साखरेचा साठा फार कमी असतो. चार-सहा तास पोटात काही गेलं नाही तर ते लटपटतं, थंड पडतं, कधी झटके येतात. आईच्या दुधाची गरज असताना ते तुमच्या हातात येतं आणि सलाईनचा खर्च पहिल्याच आठवड्यात सुरू होतो.

छोट्यांमध्ये कमी खर्चाची जात कोणती?

माझ्या मते इंडियन स्पिट्झ. नाक लांब, त्यामुळे श्वासाचा त्रास नाही. केस दाट असले तरी घरी विंचरून भागतं. नाशिकचा उन्हाळा त्याला सावली आणि पाणी यांवर निभावतो. भुंकतं मात्र फार. भिंतीला भिंत लागून शेजार असेल तर हे आधी लक्षात घ्या.

त्याहून कमी खर्च आपल्या गल्लीतल्या देशी पिल्लाचा. ते पग एवढं छोटं राहणार नाही, पण मध्यम अंगाचं, कमी आजारी पडणारं, विकत न घ्यावं लागणारं कुत्रं हवं असेल तर त्याच्यासारखं दुसरं नाही. शहरातल्या प्राणीमित्र संस्थांकडे लसीकरण झालेली पिल्लं असतात. जातीची कुत्रीही तिथे येतात, बहुतेकदा कुणीतरी सोडून दिलेली मोठ्या वयाची.

पहिल्या वर्षी लशींना किती लागतात?

चार ते पाच हजार धरा. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस लागते. तीत पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ आणि लेप्टो या चार आजारांवरच्या लशी येतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. त्यानंतर दरवर्षी एकदा सगळ्याचे बूस्टर, म्हणजे वर्षाला दीड-दोन हजार. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे तीन-तीन महिन्यांनी. ते शंभर-दीडशेत होतं.

सगळे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बागेत, रस्त्यावर किंवा दुसऱ्यांच्या कुत्र्यांत सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. पार्व्हो झाला तर आठ दिवसांचं सलाईन आणि इंजेक्शनं मिळून आठ ते पंधरा हजार सहज जातात आणि एवढं करून पिल्लू वाचेलच असं नसतं.

एवढंसं पिल्लू, मग अर्धीच लस देऊन चालेल ना? तेवढे पैसे वाचतील.

चालत नाही. औषधाचा डोस वजनावर असतो, लशीचा नसतो. दोन किलोच्या चिहुआहुआला आणि तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला एकच कुपी लागते. एक कुपी दोन पिल्लांत वाटून देण्याची पद्धत कुठे दिसली तर ती नाकारा. रेबीजच्या बाबतीत तर हा खेळ घरातल्या मुलांच्या जिवाशी आहे. कुत्रं चावलं किंवा त्याची नखं लागून रक्त आलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. माणसांची रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

खाण्याचा खर्च कमी कसा करता येईल?

पाच किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण शंभर ग्रॅम कोरडं खाणं पुरतं, म्हणजे महिन्याला तीन किलो. मध्यम दर्जाचं घेतलं तर किलोला चारशेच्या आसपास, म्हणजे बाराशे रुपये. महाग ब्रँड घेतले तर हाच खर्च अडीच हजारांवर जातो. सुट्ट्या पिशवीतलं, वजनावर विकलेलं खाणं मी कुणालाही सुचवत नाही. त्यावर तारीख नसते आणि पावसाळ्यात त्याला बुरशी धरते.

घरचं खाणं स्वस्त पडतं, पण त्यात मांस किंवा अंडं हवंच. नुसता दूध-चपाती किंवा वरण-भात घालून कुत्रं जगतं, पण त्याचे केस गळतात, कातडी खाजते, पोट सुटतं आणि वाचलेले पैसे कातडीच्या औषधांत जातात. उकडलेलं चिकन, भात, लाल भोपळा किंवा गाजर, अधूनमधून अंडं आणि थोडं दही हा साधा बेत आहे. मीठ-मसाला नाही. रोज घरचंच घालणार असाल तर कॅल्शियमचा हिशेब डॉक्टरांकडून एकदा नीट लावून घ्या. घर शाकाहारी असेल तर कोरडं खाणं हाच सरळ मार्ग.

छोटं कुत्रं जाड होण्यात दोन पारले बिस्किटंसुद्धा मोजावी लागतात. चार किलोच्या जिवाला ती दोन बिस्किटं म्हणजे चहासोबतचा चाळा राहत नाही, ते त्याच्या दिवसाच्या खाण्यातला मोठा हिस्सा असतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी हे आधीच प्रेमाने बोलून घ्या. डॅशहाउंड आणि पगला वाढलेलं वजन सगळ्यात महाग पडतं, एकाला पाठीमुळे, दुसऱ्याला श्वासामुळे.

द्राक्षं खाल्ली तर खरंच धोका असतो? आमच्याकडे तर सीझनमध्ये क्रेटच्या क्रेट येतात.

हा प्रश्न नाशिकचा आहे, म्हणून सविस्तर सांगते. आपल्या जिल्ह्याची दोन मोठी पिकं, द्राक्षं आणि कांदा, कुत्र्यांसाठी दोन्ही विषारी आहेत. इथल्या घरांत ती जमिनीवर, गॅलरीत, जिन्याखाली पडलेली असतात.

द्राक्षं, मनुका आणि बेदाणे यांनी कुत्र्यांची किडनी निकामी होऊ शकते. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होतं, असं अलीकडच्या काळात पुढे आलं आहे. किती खाल्ली तर चालतील, याचा सुरक्षित आकडाच नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं चार मण्यांत आजारी पडतं. तीन किलोच्या टॉय पॉमच्या बाबतीत हा जुगार खेळायचाच नाही. मनुका तर वाळलेल्या असल्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त द्राक्षं पोटात जातात. जानेवारीपासून मार्चपर्यंत पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडून घरी आलेला क्रेट सरळ ओट्यावर ठेवा. मुलं टीव्हीसमोर द्राक्षं खातात तेव्हा एखादा मणी गडगडत सोफ्याखाली जातो आणि तो सगळ्यांत आधी कुत्र्याला सापडतो.

खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट बघू नका. पहिल्या दोन तासांत डॉक्टरांना उलटी करवता आली तर हजार-दीड हजारांत विषय संपतो. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्यावर नेलं तर दोन-तीन दिवसांचं सलाईन आणि पुन्हा पुन्हा रक्ताची तपासणी, म्हणजे दहा-पंधरा हजार. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने आणखी एक विषबाधा होते.

कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी त्रास होऊ शकतो. चार किलोच्या कुत्र्याला हे वीस ग्रॅम झाले, म्हणजे मधल्या आकाराच्या कांद्याचा पाव भाग. शिजवला, तळला, वाळवला तरी विष जात नाही. मिसळीचा रस्सा, रश्श्यात बुडवलेला पाव, तळलेला कांदा घातलेला चिवडा, भेळ हे सगळं यात आलं. लसूणही त्याच कुळातला. दोन-तीन दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते. तोवर कांदा खाल्ल्याचं कुणाला आठवतही नाही, म्हणून डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

गोचिडांवर वर्षाला किती खर्च होतो?

छोट्या कुत्र्याला चावून खायची गोळी वजनानुसार मिळते, त्यामुळे ती मोठ्या कुत्र्यापेक्षा स्वस्त पडते. महिन्याची आणि तीन महिन्यांची अशा दोन्ही मिळतात. वर्षाला चार ते सहा हजार धरा. महाग वाटतं, पण गोचीडतापाच्या उपचारासमोर हे काहीच नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या उबदार, दमट दिवसांत गोचीड वाढते. फिरून आल्यावर पाच मिनिटं हाताने बघायची सवय लावा. बोटं केसांत उलटी फिरवा. कानाच्या पाळीची आतली बाजू, गळपट्ट्याखालची जागा, शेपटीचं मूळ आणि पायाच्या बोटांमधली फट, या जागा सोडू नका. रक्त पिऊन फुगलेली गोचीड ज्वारीच्या दाण्याएवढी, राखाडी आणि गुळगुळीत लागते. ती हाताने चिरडायची नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. शिह त्झू, ल्हासाच्या केसांत ती डोळ्यांनी दिसत नाही, बोटांनाच कळते.

कुत्रं जेवेनासं झालं, अंग गरम लागलं, नाकातून रक्त आलं किंवा पोटावर लाल ठिपके दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेट्स उतरलेल्या असतात. औषध बहुतेकदा तीन-चार आठवडे चालतं आणि तपासण्यांसह तीन ते आठ हजार लागतात. रक्त चढवायची वेळ आली तर पुष्कळ जास्त.

शेती असलेल्या घरांना एक कळकळीची विनंती. गाई-म्हशींच्या अंगावर मारायचं गोचिडांचं औषध छोट्या कुत्र्याला लावू नका. ते कितीत किती मिसळायचं याचा अंदाज चुकतो, कुत्रं अंग चाटतं आणि चिहुआहुआसारख्या छोट्या जिवाला ते झेपत नाही.

पगला एसी लावावाच लागतो का?

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी हो. कुत्रं घाम गाळून गार होत नाही, धापा टाकून होतं. पगचं नाक चपटं आणि आतली वाट अरुंद, त्यामुळे धाप लागूनही अंग थंड होत नाही. एक खोली कूलर किंवा एसीने गार ठेवायची म्हणजे त्या दोन महिन्यांत विजेचं बिल हजार-पंधराशेने वाढतं. फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री डांबर निवल्यावर. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही.

पगच्या डोळ्यांना लवकर इजा होते आणि सुरकुत्यांत ओल राहून फोड येतात. डोळा किलकिला केला किंवा पांढुरका दिसला तर उद्यावर ढकलू नका. जखमेवर वेळेत थेंब घातले तर काही शेकड्यांत भागतं. उशीर झाला तर डोळा जातो.

पग फार गोड कुत्रं आहे. पण दिवसभर घर बंद असणाऱ्यांनी आणि वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणाऱ्यांनी पग घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

थंडीत स्वेटर लागतो?

चिहुआहुआ, मिनिएचर पिन्शर, म्हातारं कुत्रं आणि पिल्लू यांना डिसेंबर-जानेवारीत लागतो. तीन-चारशेचा पुरतो. स्पिट्झ आणि पॉमला देवाने दिला आहे.

ग्रुमिंग घरी करता येईल का?

स्पिट्झ, पग, डॅशहाउंडचं पूर्ण घरी होतं. ब्रश, नखं कापायचं कटर आणि कुत्र्यांचा शाम्पू, सगळं मिळून हजाराच्या आत. शिह त्झू आणि ल्हासाला दर चार-सहा आठवड्यांनी पार्लर लागतं, एका वेळेला आठशे ते पंधराशे. रोज दहा मिनिटं विंचरलं नाही तर केसांचे गुंते होतात, आत कातडी सडते आणि मग सगळं केस उतरवावं लागतं. हे दहा मिनिटं रोज कोण देणार, ते पिल्लू आणण्याआधी ठरवा. वेळ नसेल तर केस कायम बारीक ठेवा, कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही.

स्पिट्झ आणि पॉमचे केस मात्र उन्हाळा आला म्हणून मशीनने उतरवू नका. त्यांचा आतला मऊ थर ऊन आणि थंडी दोन्ही अडवतो. उतरवलेले केस कधी कधी नीट परत येतच नाहीत.

छोट्या कुत्र्यांना हमखास होणारे महागडे आजार कोणते?

पहिला दातांचा. छोट्या जबड्यात दात दाटीने असतात, कीटण लवकर बसतं. भूल देऊन दात साफ करायला चार ते सात हजार. आठवड्यातून तीन-चार वेळा कुत्र्यांच्या पेस्टने दात घासले तर हा खर्च बरीच वर्षं लांबतो. माणसांची पेस्ट वापरू नका.

दुसरा गुडघ्याची वाटी सरकणं. पॉम, चिहुआहुआ यांच्यात तो खूप दिसतो. चालता चालता एक पाय उचलून दोन उड्या मारतं आणि परत नीट चालतं, तेव्हा एकदा दाखवून घ्या. गुळगुळीत फरशीवर रबरी चटई टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

तिसरा डॅशहाउंडच्या मणक्याचा. सोफ्यावरून उड्या, जिन्यांची चढउतार आणि वाढलेलं वजन यांनी मणक्यातली गादी सरकते. सकाळी कुत्रं मागचे पाय ओढत चाललेलं दिसतं. त्यासाठी एमआरआय आणि शस्त्रक्रिया लागली तर मुंबई किंवा पुण्याला न्यावं लागू शकतं आणि खर्च लाखाच्या घरात जातो. तिथे तास महत्त्वाचे असतात, म्हणून आपले डॉक्टर अशा वेळी कुठे पाठवतात, हे आधीच विचारून ठेवा.

पॉमसारख्या कुत्र्यांची श्वासनळी नाजूक असते. गळपट्ट्याला दोरी बांधून ओढू नका, छातीचा हार्नेस घ्या. पाचशेत मिळतो.

आणखी एक. कुत्रं लंगडलं म्हणून घरातली आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका. एक गोळी छोट्या कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक ठरते.

सरकारी दवाखान्यात छोटी कुत्री बघतात का?

हो. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात आणि पशुसंवर्धन विभागाच्या इतर दवाखान्यांत नाममात्र शुल्कात तपासणी होते. लसीकरण, जखमा, साधे आजार यांसाठी तिथे जरूर जा. रात्रीच्या आपत्कालीन वेळेसाठी मात्र जवळचा एक खासगी दवाखाना ठरवून ठेवा.

विमा काढावा का?

भारतात काही सर्वसाधारण विमा कंपन्या कुत्र्यांचा विमा देतात. कमी वयात काढला तरच त्याला अर्थ आहे. जातीचे जन्मजात आजार, दात आणि लसीकरण बहुतेकदा वगळलेलं असतं. छोट्या कुत्र्यांचा मोठा खर्च नेमका तिथेच असतो, म्हणून वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. माझा कल आरडीकडे आहे.

नसबंदी करावी की एकदा पिल्लं काढून खर्च वसूल करावा?

नसबंदी करा. पाच ते दहा हजारांत होते. मादीची केली नाही तर पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. तेव्हा तीच शस्त्रक्रिया मध्यरात्री, आजारी अंगावर, दुप्पट-तिप्पट पैशांत करावी लागते.

पिल्लांतून खर्च निघत नाही. पगच्या पिल्लांचं डोकं मोठं असल्याने सिझेरियनची वेळ अनेकदा येते. पिल्लं विकायची तर २०१७ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि दीड वर्षाच्या आतल्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत. लशी, जंतनाशक, रात्रीची जागरणं आणि एक-दोन पिल्लांचा मृत्यू हे सगळं मोजलं तर हातात फार काही राहत नाही. आणि ज्या कुत्रीला आपण घरची लेक म्हणतो, तिच्या अंगावरून पैसे काढू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

सोसायटी म्हणते कुत्रं ठेवायचं नाही, लिफ्टचे वेगळे पैसे द्या. द्यावे का?

नाही. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि लिफ्टसाठी वेगळं शुल्कही लावता येत नाही. तुमच्या बाजूने शी उचला, दोरी लावून फिरवा, लसीकरणाचं कार्ड तयार ठेवा. भाड्याच्या घरात मात्र करार करतानाच कुत्र्याचा उल्लेख करून घ्या. महापालिकेचा श्वान परवानाही काढून ठेवा. रेबीजच्या लशीचा दाखला जवळ असला की काम सोपं होतं.

गंगापूर रोडच्या पुढे बंगला आहे. रात्री अंगणात बांधलं तर राखणही होईल ना?

छोट्या कुत्र्याला रात्री बाहेर ठेवू नका. नाशिकच्या कडेने ऊस, नदीकाठची झाडी आणि वस्ती लागून आहे. बिबट्या तिथून फिरतो आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. देवळाली, मखमलाबाद, आडगावच्या बाजूच्या घरांनीही हे पाळावं. राखणीसाठी ते घरात झोपूनही भुंकतं.

गावाला जाताना काय करायचं?

कुत्र्यांच्या पाळणाघरात दिवसाला चारशे ते नऊशे रुपये लागतात. दिवाळी आणि मे महिन्यात जागा आधी धरावी लागते. जागा स्वतः बघा आणि ते लसीकरणाचं कार्ड मागतात का, हेही बघा. न मागणाऱ्याकडे ठेवू नका. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचं पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यातून. पिंजऱ्यातून छोटं कुत्रं मी पाठवणार नाही.

म्हातारपणी खर्च वाढतो का?

वाढतो. आठव्या-नवव्या वर्षापासून वर्षातून एकदा रक्त तपासायचं, हजार-दीड हजारांत. छोट्या जातींमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार बराच दिसतो. रात्री खोकला, थोडं चालून दमणं ही त्याची सुरुवात. इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) दोन-तीन हजार आणि मग रोजच्या गोळ्या, महिन्याला दीड ते तीन हजार, शेवटपर्यंत. गोळ्या वेळेवर मिळाल्या तर कुत्रं दोन-तीन वर्षं आनंदात काढू शकतं. मोतीबिंदू, सांधे, किडनी हेही त्याच काळात येतात. सुरुवातीपासून टाकलेले महिन्याचे हजार रुपये इथे लागतात.

मुलांनी हट्ट धरला आहे, पण एवढा खर्च झेपेल याची खात्री नाही. मग?

सहा महिने कुत्र्याविना दरमहा तीन हजार वेगळ्या खात्यात टाकून बघा. एकही हप्ता चुकला नाही तर पहिल्या वर्षाच्या खर्चाला चांगला हातभार लागेल. त्याच काळात एखाद्या प्राणीमित्र संस्थेकडून काही आठवड्यांसाठी कुत्रं सांभाळायला घ्या. औषधपाणी बहुतेक वेळा संस्था बघते, खाणं तुम्ही. पहाटे साडेपाचला त्याला खाली कोण नेतं आणि फरशी कोण पुसतं, हे मुलांनाही कळेल आणि तुम्हालाही.